एका भिक्षुकाने पाहिलेले युद्ध

युद्धांवरील ग्रंथ मी पुष्कळ वाचले. त्यांत सेनापतींची नावे असतात, तोफांची संख्या असते, क्वचित नकाशेही असतात. तथापि माझा हात पुनःपुन्हा जातो तो विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकाकडे. विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे गरीब भिक्षुक. घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले, आणि नेमके उठावाच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा ते शहरातच होते. शहर पडले, लुटालूट झाली. तेही त्यांनी पाहिले.

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटल्या, थकलेल्या आणि तहानेने व्याकूळ झालेल्या. विष्णुभट पाणी काढू लागले, तर त्यांना थांबवून राणींनी स्वतःच मडके विहिरीत सोडले आणि ते पाणी त्या ओंजळीने प्याल्या. सेनापतींच्या रोजनिशीत ही तहान सहसा सापडत नाही!

हे सारे विष्णुभटांनी लिहिले ते पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. पुस्तक छापले गेले १९०७ साली. तेव्हा लेखक हयात नव्हते. द्रव्य मिळवायला गेलेले विष्णुभट घरी परतले, ते आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन.