मुनगा कापला, भेग राहिली

बोरसीचं घर विकायला काढलं तेव्हा अंगणात कमरेइतकं गाजरगवत माजलं होतं. बाबा गेल्यापासून पाच वर्षं घर कुलपात. मी नागपुरात. दिवाळीनंतर एकदा जायचे, वीजबिलाचं बघायचे, मागचं दार उघडायचे आणि विंचूकाट्याच्या भीतीनं लगेच लावून घ्यायचे.

बाबा १९६२ साली भिलाईला आले, तिथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटून तीन वर्षं झाली होती. रेल मिलमध्ये नोकरी, सेक्टरमधलं क्वार्टर, क्वार्टरमागे पेरू नि वालाचा मांडव. १९९८ला निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडायचं म्हणून त्यांनी भिलाईजवळच बोरसीत चोवीसशे फुटांचा प्लॉट घेतला. जमीन अशी मुरमाड, की कुदळ मारली की ठणकन वाजायची. शेणखत घालून घालून त्यांनी तिथं मोगरा, सीताफळ आणि मागच्या भिंतीशी शेवगा आणला. शेवगा आम्ही म्हणायचो. अख्ख्या गल्लीसाठी तो मुनगा.

गेल्या वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, एक जोडपं घर बघून गेलं. शेहेचाळीस लाख म्हणाले. दलालानं मला बाजूला घेतलं, "बगीचा ठीक करा लो दीदी, तीन लाख और मिलेगा." मी शेहेचाळीस लाखांना नाही म्हटलं. ही पहिली चूक, आणि ती पूर्णपणे माझी. दलालाचं काय, त्याला तोंडची वाफच दवडायची होती.

माळी आला. म्हातारा, हाडकुळा, विळा पंच्यात गुंडाळलेला. फिरून बघितलं आणि म्हणाला, गवत उपटून देतो, सीताफळ छाटतो, कचरा उचलतो, तुम्ही फाटक तेवढं रंगवा. सात हजार. मला ते फारच किरकोळ वाटलं. माझ्या डोळ्यांपुढे हिरवळ होती, मोबाईलवर बघितलेली, मधून फरशीची वाट गेलेली. नर्सरीवाल्यानंही सांगितलं, मॅडम, पाऊस पडू द्या, मग लावा. पण मला उन्हाळ्याच्या सुटीत व्यवहार उरकायचा होता. गवताचे गालिचे एप्रिलअखेर अंथरले. भिलाईच्या उन्हात!

गवत निघालं तशी मागच्या कुंपणभिंतीची भेग दिसली. बोट आत जाईल एवढी, वरपासून खालपर्यंत. चार हातांवर शेवगा. मीच निदान करून टाकलं, मुळांनी भिंत फोडली. माळी म्हणाला, "मुनगा ला झन काटव, दीदी." मी ऐकलं नाही. शेवग्याचं लाकूड किती पोचट असतं ते त्या दिवशी कळलं. कुऱ्हाडीचे मोजून सात घाव, आणि झाड फुलाशेंगांसकट आडवं. शेजारच्या काकू न बोलता शेंगा पदरात गोळा करत होत्या. खणून बघितलं तर भेगेपर्यंत मूळ पोचलेलंच नव्हतं. माळ्यानं नुसतं वर बोट दाखवलं. गच्चीच्या पाण्याचा पाइप कोपऱ्यात तुटलेला. पाच पावसाळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायाशी पडलं होतं.

मेच्या मध्याला बोअरची मोटर हवा ओढायला लागली. मग एक दिवसाआड टँकर. २५ मेला नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस लागले, आणि आठवडाभरात हिरवळीचं पायपुसणं झालं.

आता जे सांगते ते घरात फक्त नवऱ्याला माहीत आहे. भेग बुजवायला वेळ नव्हता, म्हणून दलालानं सुचवलं, उंच अशोकाची सहा झाडं कुंड्यांसकट भिंतीला लावून ठेवा. मी ठेवली. हौसेनं, अंतर मोजून. जूनमध्ये फेब्रुवारीचंच जोडपं परत आलं, सोबत त्यातल्या बाईचा दीर. ती थेट मागच्या अंगणात गेली आणि म्हणाली, "यहाँ मुनगा था न?" त्या झाडाखाली ती फेब्रुवारीत फुलं वेचत उभी होती, हे मला तेव्हा आठवलं. तिचा दीर कुंड्यांकडे बघत होता. त्यानं पायानं एक कुंडी सरकवली, फांदी बाजूला केली आणि भेगेत गाडीची किल्ली घातली. किल्ली अर्धी आत गेली. कुणी काहीच बोललं नाही. मी चहा ठेवते म्हणून आत गेले. आत गॅस नव्हता, सिलिंडर कधीच परत केलेलं होतं.

साडेचव्वेचाळीसला सौदा झाला. भाव प्लॉटचा आणि बांधकामाचा झाला. हिरवळीचा शब्दही निघाला नाही. त्यांना तिथं गाडी लावायची होती. कर भरायच्या वेळी सीए म्हणाला, भिंत नव्यानं बांधली असती तर तो खर्च घराच्या सुधारणेत दाखवता आला असता. हिरवळ म्हणजे देखभाल, ती धरत नाहीत. शिवाय टँकरची पावती कोण ठेवतं?

त्यानंतर पर्स आवरताना एक पाकीट सापडलं. भिंत पाडून नवी बांधायचा मिस्त्रीचा अंदाज मी एप्रिलमध्येच त्यावर लिहून ठेवला होता, पाइपासकट ५५,००० रुपये. बागेवर गेले १,१८,०००.