वैनगंगेकाठचं मार्कंडा

चांद्याकडे जायचं म्हटलं की ताडोबाचा वाघ, नाहीतर महाकालीची चैत्रातली जत्रा, एवढंच आपल्याला आठवतं. पण मैत्रिणींनो, एक दिवस हाताशी असेल तर मूलवरून चामोर्शी गाठा आणि तिथून मार्कंड्याला जा. पूर्वी हा सारा भाग चांदा जिल्ह्यातच होता. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला.

इथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून हे स्थान पवित्र. सोळा वर्षांचंच आयुष्य लाभलेल्या मार्कंडेयाने पिंडीला मिठी मारली नि यमाला परतावं लागलं, ही कथा मुलांना वाटेतच सांगून ठेवा.

देऊळ साधारण हजार वर्षांपूर्वीचं. भिंतींवर देव, अप्सरा, हत्ती, सिंह यांच्या ओळीच ओळी! काही शिल्पं शृंगारिक आहेत. सासूबाई बरोबर असल्या तर जरा संकोच वाटेल. पण त्या काळच्या कारागिरांना तो वाटला नाही, हे लक्षात घ्या.

आत गेल्यावर मात्र नाजूक कोरीवकामात जाडजूड, ओबडधोबड खांब दिसतात. तुम्ही म्हणाल, हे काय मध्येच? कनिंगहॅमसाहेब १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आले होते. त्यांच्या नोंदीप्रमाणे, पूर्वी वीज पडून शिखराचा भाग मंडपाच्या छतावर कोसळला आणि मग गोंड राजाने हे टेकू दिले. जाणकार या खांबांना नाकं मुरडतात. पण आपण बायका जाणतो ना, पैठणी विरली तर ठिगळ साधंच लावावं लागतं. पण पैठणी टिकते ती त्या ठिगळामुळेच! हे खांब नसते, तर छत आज उरलं असतं का?

अलीकडे पुरातत्त्व खात्याने शिखराचे दगड उतरवून दुरुस्ती हाती घेतली आणि ते काम वर्षानुवर्षं रखडलं. म्हणून निघण्यापूर्वी कुठला भाग पाहता येतो याची चौकशी करा. उतरवलेल्या दगडांवर मुलांना चढू देऊ नका, हळदीकुंकूही वाहू नका. प्रत्येक दगडाची जागा ठरलेली असते. एक हरवला की ती जागा रिकामी राहते.

जायचं ते हिवाळ्यात. महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. दर्शन घडेल, पण शिल्पं निवांत पाहता येणार नाहीत. पिण्याचं पाणी आणि दशम्या-चटणी घरूनच न्या. दगड तापायच्या आत, सकाळीच पोचा. तिरप्या उन्हात भिंतीवरची एकेक मूर्ती कशी उठून दिसते, ते डोळे भरून पाहा.