मधल्या दाराची बिजागरी

तीन दारांच्या कपाटाला बारा बिजागऱ्या. सगळ्या मीच आणल्या, सॉफ्ट क्लोज आणि झिरो क्रँक. मिस्त्री म्हणाले होते, "साहेब, मधल्या दाराला आठ क्रँक लागेल." मला वाटलं, उगाच घोळ घालतायत.

शनिवारी मधलं दार लावलं, तर ते शेजारच्या दारावर चढलं! मधली फळी 18 मिमी, ती दोन दारांत वाटायची, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम 9. झिरो क्रँक जवळजवळ अख्खी फळी झाकते. आणि मी ऑफिसात दिवसभर शेअर्ड रिसोर्सचे बग शोधतो :)

नशीब, 35 मिमीच्या वाटीचं भोक दोन्हीला तेच, त्यामुळे दार वाचलं. दुकानदाराने चार बिजागऱ्या बदलून दिल्या. मिस्त्री "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.