आधी ठिकाण सांगा

१०८ अँब्युलन्स सेवेच्या कंट्रोल रूमसाठी निवड झाली तेव्हा वाटलं होतं, आता हार्ट अटॅक, सर्पदंश, बाळंतपण यांबद्दल शिकवतील. ते सगळं शिकवलं, पण नंतर. सुरुवातीला नकाशा पुढे ठेवून तालुके पाठ करून घेतले.

राज्यभरातले कॉल पुण्यात, औंधच्या केंद्रात यायचे. सिरोंच्याहून बोलणारा आणि सावंतवाडीहून बोलणारा, दोघांचाही आवाज एकाच खोलीत. घाबरलेला माणूस "कर्जतहून बोलतोय" एवढंच सांगतो. त्याच्या लेखी कर्जत एकच. आमच्यापुढे मात्र एक रायगडचं आणि एक नगरचं. खेड पुण्यातही आहे, रत्नागिरीतही. मालेगाव नाशिकचं की वाशीमचं? शिरूर म्हटलं की पुणे, बीड, लातूर असे तीन जिल्हे डोळ्यांपुढे यायला हवेत. वडगावांची तर मोजदादच नको. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या या सेवेच्या गाड्या तेव्हा ९३७ होत्या, पण भलत्याच जिल्ह्यातली गाडी निघाली तर त्या असून नसल्यासारख्या.

"आधी कुठे, मग काय झालं," असं आमच्या प्रशिक्षक मॅडम बजावायच्या. मला ते निष्ठुर वाटायचं. नवरा बेशुद्ध पडलाय, बाई हंबरडा फोडतेय, आणि आपण विचारायचं, "ताई, तालुका कोणता?" मॅडमचं म्हणणं साधं होतं: फोन मध्येच कट झाला तर हातात काय उरतं? आजार कळला आणि ठिकाण कळलं नाही, तर काहीच करता येत नाही. नुसतं ठिकाण कळलं तरी गाडी निघते. टॉवरवरून अंदाज येतो म्हणावं, तर खेड्यात एका टॉवरखाली कितीतरी वाड्यावस्त्या. तेव्हा विचारत राहायचं: शाळा दिसते का, डीपी कुठे आहे, एसटी कुठे थांबते, दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय.

सीनियर शेजारी बसलेले असताना घेतलेला एक कॉल मला लख्ख आठवतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर मोटारसायकलला ट्रकची धडक, आणि फोन करणारा परगावचा ड्रायव्हर. आपण कुठे आहोत, त्याला काहीच सांगता येईना.

"दादा, कडेला किलोमीटरचा दगड आहे का बघा. त्याचा माथा कुठल्या रंगाचा?"

तो मोबाइलचा टॉर्च लावून चालत गेला. त्याची धाप मला ऐकू येत होती. "पिवळा आहे, मॅडम."

पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. हिरवा असता तर राज्य महामार्ग. म्हणजे तो हमरस्ता सोडून आत शिरला असता. दगडावर टेंभुर्णी ४ होतं. नदीवरचा मोठा पूल मागे गेला, असंही त्याने सांगितलं. म्हणजे भीमा ओलांडली, जिल्हा सोलापूर. शेवटचा प्रश्न, तोंड सोलापूरकडे की पुण्याकडे? मध्ये दुभाजक आहे; गाडी पलीकडच्या बाजूला आली तर वळसा घालण्यात वेळ जातो.

हे होईस्तोवर शेजारच्या सहकाऱ्याने गाडी काढलीसुद्धा. मग मी जखमीकडे वळले. हलवू नका, पाणी पाजू नका, रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. आणि फोन मोकळा ठेवा, गाडीतले डॉक्टर याच नंबरवर बोलतील.

त्यानंतर गावी गेले तेव्हा आमच्या फाट्याकडे नव्याने पाहिलं. पाटी नाही. मळ्यातल्या वस्त्यांकडे जाणारे तीन रस्ते आणि तिन्ही सारखेच. गावात अँब्युलन्स यायला उशीर होतो, अशी तक्रार सगळे करतात. ती खोटी नाही, पण त्या उशिरातला काही भाग या फाट्यावर जातो, असं माझं ठाम मत आहे. ग्रामपंचायतीत अर्ज दिला: फाट्यावर आणि प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी पाटी लावा, तीवर तालुका आणि जिल्हाही लिहा.

सरपंच म्हणाले, "आपलं गाव कोणाला ठाऊक नाही, पोरी?"

"रात्री दोन वाजता इथून जाणाऱ्या ड्रायव्हरला नाही ठाऊक, काका."

पुढच्या ग्रामसभेत विषय घेतो म्हणालेत. त्या दिवसाची रजा मी आत्ताच टाकून ठेवली आहे.