मॉरिसची चार वर्षं

"मुलगी कुठे जाते कॉलेजला?" या प्रश्नाला "मॉरिस" असं उत्तर दिलं की समोरचं माणूस क्षणभर गप्प होतं. गणपतीत, हळदीकुंकवाला, वाणसामानाच्या दुकानात, चार वर्षं हाच अनुभव. मग कोणीतरी सावरून घेतं, "म्हणजे मिनियापोलिसला जागा नाही का मिळाली?" मिळाली होती. तिनंच नको म्हटलं.

मॉरिस हे युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाचंच एक छोटं कॉलेज, 1960 साली सुरू झालेलं. पदवीवर नाव युनिव्हर्सिटीचंच. आय-94ने सॉक सेंटरपर्यंत जायचं आणि 28 नंबरच्या रस्त्यानं पश्चिमेला वळायचं. वाटेत स्टारबक नावाचं गाव लागतं (कॉफीवाल्यांशी काही संबंध नाही, आम्ही चौकशी केली). तीनेक तासांनी शेतांमध्ये दोन प्रचंड पवनचक्क्या दिसल्या की कॉलेज आलं. गाव पाच हजार वस्तीचं, विद्यार्थी हजाराच्या आसपास.

'लिबरल आर्ट्स' या शब्दानंच आमच्या ह्यांच्या कपाळाला आठी पडली. आपल्या पिढीत आर्ट्सला कोण जायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे: दहावीच्या मार्कांवर ज्याला सायन्स मिळालं नाही, तो. इथे तो अर्थ नाही. गणित, रसायन, भूशास्त्र सगळं त्यात येतं. आमच्या मुलीनं घेतला तो विषयही स्टॅटिस्टिक्स. फक्त घोड्याला झापड लावल्यासारखं आपल्याच विषयाकडे बघता येत नाही, इतिहास, भाषा, कला यांच्याकडेही वळावं लागतं. कार्लटन, मॅकॅलेस्टर ही आपल्याकडची खाजगी कॉलेजं हेच शिक्षण देतात, पण त्यांची फी बघितली की डोळे पांढरे होतात. तेच सरकारी कॉलेजातून, मध्यमवर्गाला झेपेल अशा फीत द्यावं म्हणून काही राज्यांनी अशी छोटी कॉलेजं चालवली आहेत. 1987 साली त्यांची एक संघटनाही झाली.

माझ्या बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही दीडशेजणी-जण होतो. हजेरीला मैत्रिणीनं आपल्या वतीनं "प्रेझेंट" म्हटलं की काम भागायचं. मॉरिसला ती सोय नाही. मुलगी सर्दीनं दोन दिवस वर्गात गेली नाही, तर तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांचा निरोप, "बरी आहेस ना?" निबंध लिहून द्यावा, तर तो लाल शाईनं भरून परत यायचा, आणि "माझ्या खोलीत येऊन बोल" असं वर लिहिलेलं. लपायला जागाच नाही! ज्या मुलाला गर्दीतच मोकळं वाटतं त्याला इथे गुदमरेल. शिवाय काही वरचे कोर्स दर वर्षी नसतात, वाट बघावी लागते. आणि जानेवारीतला तो वारा! डोळ्यांतलं पाणी गालावर पोचेपर्यंत गोठतं.

कॉलेजच्या जागेचा इतिहास मला मुलीमुळे कळला. 1887 साली तिथे ख्रिस्ती जोगिणींनी नेटिव्ह अमेरिकन मुलांसाठी निवासी शाळा काढली. पुढे ती केंद्र सरकारनं चालवली. मुलांना घरापासून, भाषेपासून तोडायचं, हाच अशा शाळांचा हेतू. 1909 साली ती जागा राज्याला मिळाली, पण एका अटीवर: इथल्या शाळेत नेटिव्ह मुलांना फी पडणार नाही. आधी शेतकी शाळा झाली, मग कॉलेज आलं, अट मात्र आजही पाळली जाते. आज तिथला चारांतला एक तरी विद्यार्थी नेटिव्ह आहे. 1899 साली बांधलेलं मुलग्यांचं वसतिगृह अजून उभं आहे. मुलगी रोज त्यावरून जायची.

तिची खोलीतली मैत्रीण ओजिब्वे. मैत्रिणीच्या पणजीला अशाच एका शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मार बसला होता; तिनं ती भाषा पुढे मुलांना शिकवलीच नाही. पणत एकोणिसाव्या वर्षी कॉलेजच्या वर्गात पुस्तकातून ती शिकू लागली. सोबत म्हणून आमची मुलगीही त्या वर्गात बसली. आमच्या घरची मराठी कोणी हिसकावून घेतली नव्हती. सॉकरची प्रॅक्टिस आणि रविवारची मराठी शाळा एकाच वेळी येऊ लागली, आणि नवव्या वर्षी शाळा सुटली, इतकंच.

एका रात्री तिचा फोन आला. "आई, 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे ना?" त्या दिवशी वर्गात दोन प्रकारचे 'वुई' आले होते, एकात ऐकणारा धरलेला, दुसऱ्यात वगळलेला. इंग्रजीवर वाढलेली मुलं गोंधळली. हिला मात्र ते बसल्या जागी कळलं, स्वयंपाकघरातल्या मराठीवर. वर्ग दहाबारा जणांचा, त्यामुळे बाईंनी तिलाच फळ्याकडे बोलावलं. तिनं दोन्ही शब्द देवनागरीत लिहिले आणि समजावून सांगितलं. 'ण' नीट आला की नाही, मी विचारलं नाही. त्यानंतर मात्र ती आजीला फोन लावून शब्द विचारायला लागली, आणि आजीचा संध्याकाळचा हरिपाठ लांबायला लागला.

2025 साली तिची पदवी झाली. आता ती सेंट पॉलला नोकरी करते. कोणी विचारलं की हे अजूनही "स्टॅटिस्टिक्स झालंय तिचं" एवढंच सांगतात. मागच्या महिन्यात ती मैत्रीण आमच्याकडे जेवायला आली होती. पानं वाढून होताच तिनं सगळ्यांकडे बघत "आपण" म्हटलं. पुढचं "जेवू या" मुलीनं पुरवलं.