भूल आणि पाऊल

धाकट्या बहिणीचा बाळ तीन महिन्यांचा असताना नगरला त्याचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. पाऊण तासाची भूल. चौदा महिन्यांचा झाला तरी तो भिंत धरूनच उभा राही. "दादा, भुलीनं मेंदूला काही झालं नसेल ना? सही मीच केली होती," म्हणत ती डोळे पुशी.

मी पडलो मॅट्रिक मास्तर! डॉक्टरांनाच गाठले. ते म्हणाले, "गुरुजी, 7 देशांतल्या 722 तान्ह्यांवर, याच ऑपरेशनच्या वेळी, अभ्यास झाला. काहींना पूर्ण भूल दिली, काहींचा फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. दुसऱ्या वर्षी हालचालींत फरक नव्हता. पाचव्या वर्षी बुद्धीतही नव्हता. हा निकाल 2019 चा. तीन वर्षांखालच्या मुलाला 3 तासांहून अधिक किंवा वारंवार भूल द्यायची, तर मात्र नीट विचार करावा. आणि चालायला अठरा महिनेही लागतात!"

गेल्या दिवाळीत पोरांनी अंगणात किल्ला केला होता. बाळराजे भिंत सोडून चार पावलांत त्यावर चालून गेले. दोन मावळे नि एक बुरूज धारातीर्थी पडले! पोरे ओरडली, बहीण हसता हसता रडू लागली.

बुरूज मी पुन्हा बांधून दिला.