शेवटचा डंपर गेल्यावर

धार जिल्ह्यात उगम पावलेली मही आधी उत्तरेला राजस्थानात जाते, बांसवाड्याच्या मुलखात वळते आणि नैर्ऋत्येची वाट धरून गुजरातेत उतरते. कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी ही नदी पादरा तालुक्याच्या कडेला येते तेव्हा तिचा वेग ओसरलेला असतो. माळव्यापासून उचलत आणलेली रेती, गोटे, गाळ ती इथल्या काठावर उतरवून ठेवते. वडोदऱ्यातली आमची घरं, पूल, रस्ते अशाच ठेवीतून उभे राहिले. त्या रेतीवर माझंही घर आहे, म्हणून ती उपसल्यावर मागे उरणाऱ्या खड्ड्यांकडे परक्यासारखं पाहणं मला जमत नाही.

रेती उपशाची लीझ, म्हणजे भाडेपट्टा, चालू असते तोवर काठावर गलबला असतो. पोकलेनचा घरघराट, डंपरच्या रांगा, पावतीसाठी हाका. मग एक दिवस रेती संपते, किंवा मुदत संपते, आणि सगळे निघून जातात. मागे उरतो खड्डा. पहिल्या पावसात तो भरतो. कडा उभ्या तुटलेल्या, तळ ठाऊक नाही. गुरं पाण्यावर येतात, पोरं उन्हाळ्यात उड्या मारायला येतात, आणि आईबापांच्या जिवाला घोर लागतो. कोरड्या बाजूला वेडी बाभूळ शिरते आणि बाकी कुणाला उगवू देत नाही.

अशा एका खड्ड्याच्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. वर हातभर तपकिरी माती, तिच्यात गवताची मुळं. खाली पिवळसर रेतीचे पातळ थर, एकेक थर म्हणजे एकेक पूर. त्याखाली गुळगुळीत गोटे, कुणी तांबूस, कुणी काळपट. रेतीच्या थरात वेड्या राघूंनी बिळं केली होती. एक पक्षी चोचीत चतुर धरून बिळाच्या तोंडाशी बसला होता. माणसानं ओरबाडलेल्या भिंतीत त्यानं संसार मांडला होता. जमीन पुन्हा जगायला तयार असते, हे मला तिथे कळलं. तिला हवी असते थोडी मदत आणि थोडी सवड.

ही मदत करणं हा आपल्याच पाण्याचा प्रश्न आहे. वडोदरा शहर वरच्या अंगाला फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा इथल्या फ्रेंच वेलमधून, म्हणजे नदीपात्रातल्या विहिरींमधून, महीचं पाणी घेतं. पात्राखालच्या रेतीतून झिरपून आलेलं ते पाणी असतं. रेती हीच तिथली गाळणी. रेती गेली की पात्र खोल जातं, आसपासच्या विहिरी खाली जातात, आणि समुद्राजवळच्या पट्ट्यात भरतीच्या खाऱ्या पाण्याला आत यायला वाट मिळते. वर कडाणा, वणाकबोरी इथे नदी अडवलेली. नवी रेती पूर्वीसारखी येत नाही. नदी आपला खड्डा आपण भरेल, हा भरवसा आता धरता येत नाही.

महीच्या काठाला सावरायचं कसं, हे महीकाठच्याच माणसांना ठाऊक आहे. पलीकडच्या तीरावर वासदला मृद्‌ व जलसंधारणाचं संशोधन केंद्र 1955 पासून आहे. महीकाठची चिरलेली कोतरं, म्हणजे घळी, तिथे बांध घालून, पाणी अडवून, तळाला बांबू लावून सावरली गेली. खड्ड्यालाही असंच लागतं. खोदण्याआधी वरची माती वेगळी रचून ठेवायची. उभ्या कडा मोडून पाण्यापर्यंत सौम्य उतार द्यायचा. काठाशी उथळ पाणी ठेवायचं, तिथे लव्हाळे आणि वाळा. वर करंज, अर्जुन, बांबू. पक्ष्यांसाठी एखादी उभी कड मुद्दाम राखायची. इंग्लंडात ट्रेंट नदीकाठच्या ॲटनबरो इथल्या खडीच्या खाणी पाण्यानं भरल्या आणि 1966 मध्ये त्यांचं निसर्ग राखीव क्षेत्र झालं. खाण संपली म्हणून जागा संपत नाही.

कायदाही आंधळा राहिलेला नाही. 2012 मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं लहानातल्या लहान लीझलाही पर्यावरण मंजुरी लागेल असं बजावलं. 2016 मध्ये केंद्रानं रेती उपशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. पण कागदावरची अट काठावर उतरते ती गावानं विचारलं तरच.

म्हणून महीकाठच्या गावांना माझी विनंती आहे. लीझची जाहिरात निघेल तेव्हा ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा: वरची माती कुठे ठेवणार, आणि खड्डा कोणत्या वर्षी, कोणाच्या पैशानं, कसा सावरणार? उत्तर लेखी घ्या. आणि आम्ही शहरवाल्यांनी घर बांधताना रेतीच्या भावात हा खर्च धरायला तयार व्हावं. खड्डा सावरल्याखेरीज खाणकाम पुरं झालं असं कुणी म्हणू नये.